फोम, कापसाची गादी की रॉकवूल? बेडरूममधल्या स्टुडिओसाठी काय घ्यावं

आधी एक गैरसमज दूर करू. यातलं काहीही लावलं तरी शेजाऱ्यांच्या तक्रारी थांबणार नाहीत. आवाज बाहेर जाऊ न देणं हे वजनदार भिंतींचं आणि दारं-खिडक्यांच्या फटी बुजवण्याचं काम. इथे प्रश्न आहे तो आवाज आतल्या आत भिंतींवर आपटून परत येतो आणि कानाला फसवतो, त्याचा.

फ्लॅटमधली नेहमीची १० बाय १२ फुटांची बेडरूम घेऊ, उंची साडेनऊ फूट. समोरासमोरच्या भिंतींमध्ये खालचे सूर अडकून घुमतात. १२ फुटांच्या अंतरात सुमारे ४७ हर्ट्झला (सेकंदाला ४७ कंपनं), १० फुटांत ५६ला, जमीन आणि छत यांच्यात ५९ला. याच्या दुप्पट, म्हणजे ९४, ११२ आणि ११८ हर्ट्झलाही तोच घुमारा, आणि पुरुषी आवाजाचा खर्ज नेमका तिथे सापडतो. १० बाय १०ची खोली याहून वाईट, कारण दोन घुमारे एकावर एक चढतात. वरच्या पट्टीतला आवाज जाड पडदा, गालिचा, भरलेला बिछानाही शोषतो. खालचा आवाज शोषायला जाडी लागते, आणि निवड त्यावरूनच करायची.

फोम आणि त्याची भावंडं

दोन इंची टोकदार फोम ५०० हर्ट्झच्या खाली फारसं काही करत नाही. चारही भिंती त्याने मढवल्या की वरची चमक मरते आणि खालचा घुमारा तसाच राहतो. गाणं गोधडीत गुंडाळल्यासारखं ऐकू येतं. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि धूर विषारी असतो. २००३मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ नाइटक्लबात मंचाभोवतीच्या फोमनेच पेट घेतला आणि १०० माणसं गेली. ९ मिमी जाडीचे रंगीत पॉलिस्टर पॅनेल दिसायला छान, पण तेही वरच्याच पट्टीपुरते. अंड्यांचे ट्रे रद्दीत द्या.

कापसाची गादी

हिला उगाच कमी लेखलं जातं. चार इंच जाडीची, सैल भरलेली गादी दोन इंची फोमपेक्षा कितीतरी खालपर्यंत काम करते. फक्त गायन किंवा निवेदन रेकॉर्ड करायचं असेल, तर ३ बाय ६ फुटांच्या दोन गाद्या गाणाऱ्याच्या पाठीमागे ‘व्ही’ आकारात उभ्या करा. माइकच्या मागे नाही. कार्डिऑइड माइक मागचं कमी आणि पुढचं जास्त ऐकतो, त्यामुळे गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाजच त्यात थेट शिरतो.

पण गादी उभी ठेवली की कापूस खाली उतरतो आणि वरचा अर्धा भाग पोकळ होतो. टाके जवळजवळ घालून घ्या आणि अधूनमधून उलटी करत राहा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, तिथे टेकवलेल्या गादीला बुरशी धरते. दोन-तीन इंच जागा सोडा. कापूसही पेटतो, म्हणून प्लग पॉइंट आणि दिवे लांब हवेत.

रॉकवूल

रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंचा दाबलेला थर. स्पीकरवर मिक्सिंग (रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवणं) करणाऱ्याने हेच घ्यावं. घनमीटरला ४८ किलो घनतेचे ५० मिमीचे स्लॅब, दोन एकावर एक, म्हणजे १०० मिमी जाडी. दुकानदार ‘९६ घनता भारी’ म्हणेल. एवढ्या जाडीला त्याची गरज नाही. वजन आणि पैसे मात्र दुप्पट जातात. ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचं, शोषणात जवळपास तितकंच चांगलं आणि हलकं, पण रोलमधलं मऊ घेतलं तर उभ्या फ्रेममध्ये खचतं.

या खोलीला १० पॅनेल धरा, म्हणजे २० स्लॅब. स्लॅब साधारण १ मीटर बाय ६०० मिमीचा असतो, काही ठिकाणी ५००चा, म्हणून तो हातात आल्यावरच फ्रेम कापा. आतलं माप स्लॅबपेक्षा ५ मिमी कमी ठेवलं की तो घट्ट बसतो. ८ बाय ४च्या १२ मिमी प्लायच्या दोन शीटमधून १०० मिमी रुंद पट्ट्या पुरतात. कोपऱ्यांना एल-अँगल लावा. १२ मिमीच्या कडेत थेट स्क्रू घातला की प्लाय फुटतो. मागची बाजू प्लायने बंद करू नका, मांजरपाट पुरे. पुढच्या कापडाची परीक्षा सोपी: तोंडाला लावून फुंकर मारा, हवा आरपार गेली तर चालेल. रेक्झिन या परीक्षेत नापास. कापडाखाली नॉनवोव्हनचा (न विणलेल्या पातळ कापडाचा) एक थर द्या, म्हणजे तंतू खोलीत उडत नाहीत. कापताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. खाज दिवसभर जात नाही.

लावताना १२ फुटांच्या दिशेने बसा, कान समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर. बरोबर मध्ये, सहा फुटांवर, ४७ हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो आणि माणूस बेस वाढवत बसतो. समोरच्या दोन कोपऱ्यांत प्रत्येकी दोन पॅनेल एकावर एक, तिरपी. ६०० मिमीच्या पॅनेलमागे कोपऱ्यापर्यंत ३०० मिमी पोकळी मिळते आणि तीच खालच्या सुरांसाठी कामाची. बाजूच्या भिंतींवर एकेक: मित्राला भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, खुर्चीतून त्यात स्पीकर दिसेल ती जागा. तीही भिंतीला न चिकटवता तीन-चार इंच पुढे. दोन पाठीमागच्या भिंतीवर, दोन छताला. पंख्याची पाती आड येत असतील तर छताची दोन मागच्या कोपऱ्यांत वळवा. छताला टांगायचं तर छताच्या काँक्रीटमध्ये अँकर फास्टनर हवेत. पॅनेल पाच-सहा किलोचं होतं आणि ते डोक्यावर असतं.

एवढं करूनही ४७ हर्ट्झचा घुमारा पूर्ण जाणार नाही, थोडा आखूड होईल. ६० हर्ट्झच्या खालच्या सुरांचे निर्णय हेडफोनवर तपासून घ्या. रूम इक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजणीचा माइक असेल तर आधीचं आणि नंतरचं मोजमाप घ्या, आणि नुसता वक्र न बघता ‘वॉटरफॉल’ हा आलेख बघा. आवाज किती वेळ रेंगाळतो ते त्यात दिसतं.

मिक्सिंग हेडफोनवरच होणार असेल तर रॉकवूलचा खटाटोप नको, गाद्या घ्या. भाड्याचं घर असेल तर पॅनेलांना लाकडी पाय लावून उभी करा. पैसे टप्प्याटप्प्याने घालायचे असतील तर पहिली चार कोपऱ्यांत, मग बाजूची दोन, छत आणि पाठची भिंत शेवटी.