नवोदयचा सराव संच, काही महिन्यांच्या वापरानंतर : स्पष्टीकरणं दमदार, उत्तरपत्रिका कुचकामी

केंद्र सरकारच्या निवासी जवाहर नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळवण्याची परीक्षा देणाऱ्या पाचवीच्या मुलांसाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात हा वीस प्रश्नपत्रिकांचा संच घ्यायला गेलात, तर प्रश्न चाळण्याआधी उत्तरपत्रिका उघडून बघा. माझी सगळ्यात मोठी तक्रार तिथेच आहे. उत्तरपत्रिका प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागच्या पानावर छापली आहे, आणि गोलांऐवजी चौकटी दिल्या आहेत. चौकटीत बरोबरची खूण करायची, झालं!

प्रत्यक्ष परीक्षेत ओएमआर कागद, म्हणजे यंत्राने तपासली जाणारी उत्तरपत्रिका, वेगळा असतो आणि निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने गोल पूर्ण रंगवावा लागतो. पेन्सिल चालत नाही, आणि रंगवलेलं उत्तर बदलता येत नाही. खूण करायला एक सेकंद पुरतो. दहा वर्षांचं मूल गोल नीट भरायला साधारण पाच सेकंद घेतं. ८० गोलांचे झाले ४०० सेकंद, म्हणजे साडेसहा मिनिटांहून जास्त. दोन तासांत ८० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ९० सेकंद. तेव्हा चौकटींवर सराव केलेल्या मुलाचे चार प्रश्न गोल भरण्यातच जातात आणि सव्वा गुणाच्या हिशोबाने पाच गुण बुडतात. संचावर लावलेली वेळ त्यामुळे फसवी असते. घरी दोन तासांत आरामात पेपर संपवणारी मुलं तिथे शेवटच्या उताऱ्यावर अडकतात.

दुसरा धोका ओळ घसरण्याचा. मूल १७वा प्रश्न सोडतं आणि १८व्याचं उत्तर १७च्या ओळीत भरतं. तिथून पुढचं सगळं एकेका ओळीने सरकतं. पानामागे उत्तरपत्रिका असली की मूल प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका शेजारी ठेवायला शिकतच नाही.

उपाय स्वस्त आहे. ए-फोर कागदावर चार उभे रकाने आखा, प्रत्येकात २० ओळी, ओळीत ए, बी, सी, डी असे चार गोल, व्यास ५ मिलिमीटर. दर पाच ओळींनंतर थोडी मोकळी जागा सोडा. एक प्रत नीट काढा आणि बाकीच्या झेरॉक्स करून घ्या. पेन साधं बॉलपेन. जेल पेनची शाई पसरते आणि हाताला लागून शेजारच्या गोलात जाते. मुलांना सवय अशी लावा : उत्तराला आधी प्रश्नपत्रिकेवर गोल करायचा, चार प्रश्न झाले की डाव्या हाताचं बोट प्रश्नक्रमांकावर ठेवून ते उत्तरपत्रिकेवर उतरवायचे. बुद्धिमत्ता चाचणीत चार-चार प्रश्नांचे दहा प्रकार येतात, त्यामुळे चारचा ताल आपोआप बसतो. एखादा प्रश्न सोडला तर त्याच्या ओळीवर रिकामं बोट फिरवून पुढे जायचं. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत एकही ओळ कोरी ठेवायची नाही.

बुद्धिमत्तेच्या भागाबद्दल मात्र माझं मत पार बदललं. पहिल्या दोन-तीन प्रश्नपत्रिकांत आकृत्या बारीक आणि छपाई फिकी वाटली होती. लपलेल्या आकृतीच्या प्रश्नांत ती अजूनही खटकते, कारण रेघच दिसली नाही तर मूल शोधणार काय? पण मागची स्पष्टीकरणं पाहिली आणि पैसे वसूल झाले. कागदाच्या घडीच्या प्रश्नात घडी उलगडण्याची प्रत्येक पायरी वेगळी काढून दाखवली आहे : शेवटची घडी आधी उघडायची, घडीच्या रेषेपलीकडे तेवढ्याच अंतरावर छिद्र काढायचं, मग त्याआधीची घडी. रद्दीचा चौकोनी कागद आणि पंचिंग मशीन घेऊन हे हाताने करून घ्या. दोन घड्यांमधून सगळे थर भेदले तर एका छिद्राची चार होतात, हे मुलं एकदाच बघतात आणि मग विसरत नाहीत. आरशातील प्रतिमेसाठी खिशातला आरसा रेषेवर उभा धरा. त्याविना डावं-उजवं उलटण्याऐवजी वर-खाली उलटणारी मुलं बरीच असतात.

भाषेचे उतारे बरे आहेत, त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

अंकगणितात उत्तरसूचीवर डोळे मिटून विसंबू नका. एक प्रश्न असा : आयताची परिमिती ३६ सेंमी, लांबी रुंदीच्या दुप्पट, क्षेत्रफळ किती? रुंदी ६, लांबी १२, उत्तर ७२ चौसेंमी. सूचीत छापलंय २८८. म्हणजे ३६ हीच लांबी-रुंदीची बेरीज धरली, परिमिती निम्मी केलीच नाही. मुलं नेमकी हीच चूक करतात, आणि पुस्तक तिच्यावर शिक्का मारतं. प्रकाशकाला फोन केला तर ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ एवढंच उत्तर. दुरुस्तीचं एक पान द्यायला काय हरकत होती? पुणे जिल्ह्याचं नवोदय शिक्रापूरला आहे, सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, आणि ही परीक्षा मुलाला आयुष्यात एकदाच देता येते. जुन्नर-भोरच्या वाड्यावस्त्यांवरच्या पोरांना यातली पुढची आवृत्ती मिळणार नाही.

तरीही संच घ्या म्हणेन, फक्त स्पष्टीकरणांसाठी. चार-पाच घरांनी मिळून एकच घेतला तरी भागतं, मात्र मग प्रश्नपत्रिकेवर पेन लावायचं नाही, उत्तराच्या गोलासाठी पेन्सिल वापरून नंतर खोडायचं. शेवटच्या तीन प्रश्नपत्रिका अजिबात उघडू नका. परीक्षेच्या आधीच्या तीन रविवारी, साडेअकरा ते दीड या खऱ्या वेळेतच, स्वतः आखलेल्या गोलांच्या कागदावर त्या सोडवून घ्या.