मुळशीकडचं एक 'लेक व्ह्यू' ॲग्रो रिसॉर्ट : जेवण एक नंबर, तलावाचा बांध बघून मात्र टेन्शन

३ स्टार देतोय, ते पण स्वयंपाकघराकडं बघून.

आधी चांगलं सांगतो. मुळशीच्या पुढं आहे, रस्ता शेवटचा थोडा कच्चा पण गाडी जाते, खोल्या स्वच्छ, गरम पाणी कधीही, पोरं नम्र, पिठलं भाकरी आणि अळूवडी तर विचारूच नका. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण या पट्ट्यात आता अशी पुष्कळ ठिकाणं झालीत आणि खाली लिहिलंय ते त्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडेल.

आता मुद्द्याचं. जाहिरातीत जो 'प्रायव्हेट लेक' दाखवतात तो म्हणजे मालकाच्या वडिलांनी ओढ्यावर मातीचा बांध घालून केलेला तलाव. उंची अंदाजे २०-२२ फूट असेल. माझी नोकरी पाटबंधारेत गेली, पाझर तलाव आणि मातीचे भराव हेच केलं, त्यामुळं बाकी पब्लिक पाण्याकडं तोंड करून सेल्फी काढत होतं आणि मी बांधाच्या मागच्या उतारावर उतरलो, बायको वरून ओरडतीये की अहो रिटायर झालात आता.

उतारावर झाडंच झाडं. गुलमोहर, शेवरी, बांबूचं बेट, त्याला झोपाळे टांगलेत. फोटोला भारी दिसतं पण मातीच्या बांधावर मोठं झाड नको असतं, मुळं आत जातात, झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला आयती नळी मिळते, वादळात उन्मळून पडलं तर भरावाचा लचका घेऊन पडतं. आणि झाडीमुळं घुशीची, खेकड्याची बिळं, भेगा काही दिसतच नाही. गवत पाहिजे फक्त, तेही कापलेलं. पाण्याकडच्या बाजूचं दगडी पिचिंग (लाटांनी माती धुपू नये म्हणून लावलेला दगडांचा थर) मधे मधे ढासळलंय, बोटीला उतरायच्या जागी तर दगड काढून पायऱ्याच केल्यात.

आता अळूचं. बांधाच्या पायथ्याशी, विमोचकाच्या (तलावातून पाणी सोडायच्या) पाईपापासून थोडं बाजूला, मे महिन्यात सगळीकडं वाळलेलं असताना एवढ्याच तुकड्यात अळू हिरवागार माजलाय आणि पाय ठेवला की चप्पल रुततीये. मावशी तिथूनच पानं खुडून नेत होत्या, म्हटल्या दादा इथं बारमाही ओल असतीय. म्हणजे बांध पाझरतोय. आता पाझर असणं हे काही लगेच संकट नाही, मातीचा प्रत्येक बांध थोडाफार पाझरतोच, बघायचं काय तर पाणी वाढतंय का आणि गढूळ येतंय का. मी बाटलीत भरून घेतलं, थोडा वेळ ठेवलं, खाली गाळ बसला नाही, त्यामुळं आज तरी ठीक. पण ज्या दिवशी ते पाणी मातकट येईल त्या दिवशी समजायचं की आतली माती वाहून यायला लागलीये, मग भोक आतल्या आत मोठं होत जातं आणि वरून बांध ठणठणीत दिसतो. पाईपाच्या कडेनं तर हे जास्तच होतं कारण तिथं माती नीट दाबलेली नसते. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हाही विमोचकाच्या नळाजवळ भराव खचला होता, पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

पण मला सगळ्यात जास्त राग आला तो सांडव्याचा, म्हणजे तलाव भरला की जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेचा. मुळात सांडवा चांगला आहे, कडेच्या खडकात कोरलेला, ज्यानं केला त्याला अक्कल होती. आताच्या लोकांनी त्यात फळ्या आणि वाळूची पोती लावून पाणी फूटभर वर चढवलंय, का तर बोटिंगला खोली पाहिजे. वर मासे पळून जाऊ नयेत म्हणून जाळी, तिच्यात जलपर्णी आणि चिप्सची पाकिटं अडकून भिंतच झालीये. पाण्यापासून बांधाचा माथा जेमतेम दोन फूट राहिलाय. मुळशीचा पाऊस आणि दोन फूट! काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेलं तर ती कदाचित तग धरेल, मातीच्या बांधावरून गेलं तर माती घेऊनच जातं. अमेरिकेत हवाई बेटांवर का लोको नावाचं असंच खाजगी मातीचं धरण १४ मार्च २००६ ला फुटलं, ७ माणसं गेली, चौकशीत निघालं की सांडवा बुजवलेला होता. केनियात सोलाईला २०१८ च्या मे महिन्यात एका फार्मचं धरण रात्री फुटलं, ४० हून जास्त लोक गेले.

मॅनेजरला म्हटलं तर उत्तर ठरलेलं, सर इतक्या वर्षांत काय झालं नाय आणि सरकारचं इन्स्पेक्शन असतंच की. अहो कुठलं इन्स्पेक्शन? २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरच्या वरच्या धरणांना, आणि १० ते १५ मधली काही अटीत बसली तर त्यांना. हा बांध जेमतेम ६-७ मीटरचा, त्याला बघणारा मालकच. आणि सरकारी असून तरी काय, २०१९ ला चिपळूणचं तिवरे धरण फुटलं तिथं गावकरी आधीपासून गळतीच्या तक्रारी करत होते, नंतर खेकड्यांच्या नावानं पावती फाडली.

मालक संध्याकाळी आले, माणूस ऐकून घेणारा वाटला, फळ्या माझ्यासमोर काढायला लावल्या, जाळीचं मात्र 'बघू, माशांचं बी महाग आहे' असं झालं. मी एवढंच सांगितलं की एखादा धरणाचा अनुभव असलेला इंजिनिअर आणून दाखवा, झाडं एकदम मुळासकट उपटू नका नाहीतर खड्डे पडतील, ओलीच्या जागेवर माती टाकून ती बुजवू नका, वाळू खडीचा फिल्टर करून पाणी बाहेर काढा, आणि पावसाळ्यात रोज एका माणसानं माथ्यावरून आणि पायथ्यातून चक्कर मारायची.

जाणार असाल तर बुकिंग करताना 'रिव्हरसाईड' कॉटेज घेऊ नका, त्या बरोबर बांधाच्या खाली ओढ्याच्या काठाला आहेत, जून ते सप्टेंबर तर अजिबात नको. आंब्याच्या बागेकडच्या वरच्या खोल्या मागा, थोड्या महाग आहेत आणि तिथं नेटवर्क पण येतं.