बाहुल्यांच्या फोटोंसाठी वागळे इस्टेटमधली रेसिडेन्सी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात महिनाभराची ही रेसिडेन्सी, म्हणजे कलाकाराला ठरावीक काळ कामासाठी जागा देण्याची सोय, चालते. छायाचित्रकाराला जागा, दिवे आणि सुतारकामाचं टेबल मिळतं; बाहुल्या स्वतः आणायच्या किंवा तिथेच घडवायच्या. देखावा उभारून फोटो काढणाऱ्यांनी ही जागा जरूर घ्यावी, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे तिथलं छत.

बारा फुटांवर लोखंडी पाइपांची जाळी आहे. दोऱ्यांची बाहुली हातात धरून फोटो काढला की ती हलतेच. इथे दोऱ्यांची पट्टी क्लॅम्पने पाइपला अडकवता येते, मग बाहुलीचा एकेक हात हवा तसा वळवून दोरा बांधून टाकायचा. पंखा बंद करा आणि झोका पूर्ण थांबू द्या. शेजारच्या गाळ्यातलं प्रेस मशीन चालू असेल तर दोरे तरीही थरथरतात, त्यामुळे सतत जळणाऱ्या दिव्यांवरची संथ शटरची (म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवायची) कामं संध्याकाळी ठेवावीत. फ्लॅशवर काम करणाऱ्याला ही अडचण फारशी जाणवत नाही.

पारदर्शक नायलॉनचा दोरा दिसणार नाही असं वाटतं, पण बाजूचा उजेड पडला की तो चकाकतो. गडद पडद्यासमोर काळा सुती दोरा वापरा; त्याला मेण लावू नका, तेही चमकतं. पडदा फिकट असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवरून न हलवता, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) मॅन्युअल ठेवून, बाहुली बाजूला करून एक रिकामी फ्रेम घ्यावी. नंतर संगणकावर फोटोतले दोरे पुसताना तीच उपयोगी पडते. बाहुली पडद्यापासून सहा फूट पुढे टांगली तर तिची सावली खाली जमिनीवर पडते. गाळ्यात तेवढी जागा आहे. फूट-दीड फुटाची बाहुली जवळून घेताना लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ २.८ वर मोठं उघडलं की नाक स्पष्ट येतं आणि हात धूसर. ते लहान, एफ ८ ते एफ ११ ठेवा.

कापडी पडद्यामागून उजेड टाकून दाखवायच्या चामड्याच्या छायाबाहुल्यांसाठी मात्र इथली व्यवस्था अपुरी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातल्या कलाकारांनी चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगणं) आणि कळसूत्री (दोऱ्यांच्या बाहुल्या) यांच्याबरोबर ही कलाही जपली आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच परंपरेसाठी. अशा बाहुलीच्या कडा आणि छिद्रांची नक्षी धारदार दिसायला उजेड एका लहान बिंदूतून यावा लागतो. इथे आहेत ते मोठे एलईडी पॅनल, आणि पॅनल जितकं मोठं तितकी सावलीची कड पसरते. त्यामुळे डिफ्यूजर (उजेड पसरवणारा पडदा) नसलेला एकच लहान दिवा सोबत न्या, तो शक्य तितका मागे ठेवा आणि बाहुली कापडाला अगदी टेकवा. स्वस्त एलईडी दिव्यांखाली वेगवान शटर ठेवलं तर फोटोत पट्टे उमटतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवून पाहावं. छपरातल्या काचेतून येणारा दिवसाचा उजेडही रंग फिके करतो. ती काच झाकायला आयोजकांनी काळं कापड द्यायलाच हवं.

सामानाचं कपाट सामायिक आहे आणि दमट. पावसाळ्यात चामडं वाकतं, लाकडी सांधे फुगून अडकतात, कागदी बॅकड्रॉपला लाटा येतात. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा आपला आपण न्यावा. बाहुल्या त्यात आडव्या, मध्ये कोरा कागद घालून ठेवाव्यात. कळसूत्रीचं काम असेल तर वर्षभरात कधीही अर्ज करा, चामड्याचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीच मागा.