डाव्या हाताचे ऐकणारी साथ: घरी वाजवण्यासाठी डिजिटल पियानो निवडताना

स्वयंचलित साथ देणारा डिजिटल पियानो पहिल्यांदा वाजवला की माणूस हरखून जातो. डाव्या हाताची तीन बोटे टेकवताच ड्रम, बास आणि व्हायोलिनचा ताफा असा सगळा लवाजमा दिमतीला हजर होतो आणि आपण आहोत त्याहून बरे वादक असल्याचा भास होतो. या भासापायीच मी माझे पहिले वाद्य घेतले होते. ते ६१ हलक्या पट्ट्यांचे होते, त्यातील स्टाइलची, म्हणजे साथीच्या तयार ठेक्यांची, यादी भलीमोठी होती आणि सहा महिन्यांनंतर त्या यादीतल्या पाच-सहाच माझ्या वापरात उरल्या होत्या. पट्ट्यांशी मात्र रोजच गाठ होती, आणि हळुवार व जोरकस यांतला फरक त्यांवर बोटांना काही केल्या सापडत नव्हता. म्हणून दुसऱ्या खेपेला मी यामाहा डीजीएक्स-६७०, कॅसिओ प्रिव्हिया पीएक्स-एस३१०० आणि रोलँड एफपी-ई५० ही तीन वाद्ये प्रत्येकी दोन-तीन तास, हेडफोन लावून आणि न लावता, वाजवून पाहिली. तिन्हींना ८८ पट्ट्या आहेत, तिन्हींमध्ये खऱ्या पियानोसारखा भार देणारी हातोडीची यंत्रणा आहे आणि तिन्ही साथही देतात. त्यांतून निवड करताना मी ज्या गोष्टीला सर्वांत जास्त गुण दिले ती वैशिष्ट्यांच्या यादीत छापलेली नसते: साथ आपल्या डाव्या हाताचे कितपत ऐकते, ही ती गोष्ट.

आधी पट्ट्यांविषयी, कारण साथ आवडली नाही तर बंद करता येते, पट्ट्या बदलता येत नाहीत. खऱ्या पियानोत खर्जाच्या बाजूच्या पट्ट्या जड आणि तार सप्तकाकडच्या हलक्या लागतात, आणि ही उतरती भाजणी तिन्ही वाद्यांनी आपापल्या परीने साधली आहे. रोलँडच्या पीएचए-४ यंत्रणेत तीन सेन्सर आहेत, त्यामुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच सूर पुन्हा वाजवता येतो. शिवाय पट्टी अगदी सावकाश दाबली तर मध्येच जी बारीकशी खाच बोटाला जाणवते, ती ग्रँड पियानोची आठवण करून देते. डीजीएक्स-६७० मधील जीएचएस ही यामाहाची प्राथमिक पातळीची यंत्रणा असून तिच्यात दोन सेन्सर आहेत; एकाच सुराची जलद पुनरावृत्ती करताना पट्टीला जास्त वर येऊ द्यावे लागते. कॅसिओचे वाद्य थक्क करण्याइतके सडपातळ आहे. त्याची खोली सुमारे २३ सेंटीमीटर आहे, पण एवढ्या जागेत पट्टीचा टेकूही जवळ येतो आणि काळ्या पट्ट्यांच्या मुळाशी वाजवताना बोटाला अधिक जोर करावा लागतो. ज्यांची बोटे आतवर जातात, त्यांनी हे स्वतः वाजवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

आता साथीकडे वळू. नेहमीच्या पद्धतीत पट्ट्यांचे दोन भाग पडतात: एका ठरावीक सुराच्या डावीकडचा भाग कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) ओळखण्यासाठी राखून ठेवला जातो आणि उजवीकडे आपण चाल वाजवतो. याचा अर्थ असा की पियानो घेतला दोन हातांसाठी, आणि साथ सुरू करताच डावा हात वादकाचा न राहता बटणे दाबणाऱ्याचा होतो. खर्ज वाजवायला बास आहे, कॉर्ड भरायला गिटार आहे, मग डाव्या हाताने करायचे काय? नवशिक्याला ही सोय वाटते, परंतु ज्याने दोन-चार वर्षे दोन्ही हातांनी वाजवले आहे त्याला आठवडाभरात कंटाळा येतो. यावर उपाय म्हणजे संपूर्ण पट्ट्यांवरून कॉर्ड ओळखण्याची सोय. यामाहा तिला फुल कीबोर्ड म्हणते, कॅसिओ फुल रेंज कॉर्ड म्हणते. दोन्ही हातांनी नेहमीसारखे वाजवत राहावे आणि वाद्याने त्यातून कॉर्ड ताडून मागे साथ लावावी, अशी ती कल्पना आहे.

कल्पना सुरेख आहे, पण ताडणे सोपे नाही. सी, ई, जी आणि ए हे चार सूर एकत्र वाजले तर तो सी सिक्स्थ नावाचा कॉर्डही असतो आणि ए मायनर सेव्हन्थ नावाचाही असतो. सूर तेच, नाव वेगळे. माणूस मागची ओळ लक्षात ठेवून निर्णय करतो, तर वाद्य बहुधा सर्वांत खालच्या सुराकडे बघते. सीच्या कॉर्डवर चाल ए वर रेंगाळली आणि नेमका त्याच वेळी डाव्या हाताने खाली ए ला स्पर्श केला, तर बास दुसऱ्याच कॉर्डच्या घरात शिरतो. म्हणून वाद्य तपासताना तयार गाणी ऐकण्यात वेळ दवडू नये. आपल्याला पाठ असलेली एखादी चाल घ्यावी, साथ चालू ठेवून ती दोन्ही हातांनी तीनदा वाजवावी आणि साथ कुठे फसते ते मोजावे. या कसोटीला मला डीजीएक्स-६७० सर्वांत समजूतदार वाटले, मुख्यतः पडद्यावर ओळखलेल्या कॉर्डचे नाव क्षणोक्षणी दिसत असल्यामुळे. चूक माझी की त्याची, हे लगेच कळते. त्यात आणखी एक सोय अशी आहे की आपण जोराने वाजवू लागलो की साथही भरगच्च होते आणि हात सैलावला की ती विरळ होते. ही युक्ती दर वेळी साधत नाही, पण साधते तेव्हा मजा येते.

एका बोटाने कॉर्ड देण्याची पद्धत ज्यांना वापरायची आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यामाहाच्या पद्धतीत मूळ सुरासोबत (ज्यावरून कॉर्डला नाव मिळते तो सूर) डावीकडची जवळची काळी पट्टी दाबली की मायनर आणि पांढरी दाबली की सेव्हन्थ मिळतो. कॅसिओच्या पद्धतीत मूळ सुराच्या उजवीकडची कोणतीही एक पट्टी जोडली की मायनर, दोन जोडल्या की सेव्हन्थ आणि तीन जोडल्या की मायनर सेव्हन्थ मिळतो. बोटांना एकीची सवय लागली की दुसरी उलट्या हाताने लिहिल्यासारखी वाटते. माझा सल्ला विचाराल तर दोन्ही टाळाव्यात आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण कॉर्ड धरावा. ती मेहनत साथ बंद केल्यावरही कामी येते.

साथीबरोबर वाजवताना आणखी एक अडचण येते, ती वेळेची. कॉर्ड मात्रेवर किंवा तिच्या किंचित आधी पडला पाहिजे. केसभर उशीर झाला तरी बास जुन्या कॉर्डचा सूर वाजवून मोकळा होतो आणि तो मागे घेता येत नाही. साथ थांबत नाही, ओळीच्या शेवटी श्वास घेऊ देत नाही. हात उचलताच साथ थांबवणारे सिंक स्टॉपचे बटण याच कारणासाठी हाताशी हवे, मेनूच्या तिसऱ्या पानावर नको. साथीची सुरुवात, मधली भर आणि शेवट वाजवणारी इंट्रो, फिल-इन आणि एंडिंगची बटणेही तशीच. वाजवता वाजवता न बघता सापडली नाहीत तर असून नसल्यासारखी. कॅसिओचा स्पर्शाने चालणारा पृष्ठभाग दिसायला देखणा आहे, परंतु उंचवटे नसल्याने बोटांना चाचपडून काही लागत नाही.

आकड्यांच्या बाबतीत फार खोलात जायला नको. डीजीएक्स-६७० मध्ये २६३ स्टाइल आहेत, पीएक्स-एस३१०० मध्ये २०० आहेत. पाच किंवा सात मात्रांची चाल वाजवायची असेल तर दोन्हीकडे हाताला फारसे लागत नाही. पॉलिफनी, म्हणजे एका वेळी किती आवाज वाजू शकतात तो आकडा, मात्र बघावी. साथीचे ड्रम, बास आणि कॉर्ड त्याच साठ्यातून आवाज उचलतात, आणि पेडल दाबून लांबवलेले सूरही त्यातच मोजले जातात. यामाहाचे २५६ आणि कॅसिओचे १९२ आवाज त्याला पुरतात. वजनात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे: कॅसिओ जेमतेम साडेअकरा किलोचा असून सहा पेन्सिल सेलवरही चालतो, तर यामाहा स्टँडशिवाय एकवीस किलोंच्या वर आहे आणि एकदा ठेवला की तिथेच राहतो.

मी अखेर डीजीएक्स-६७० घेतला, तो साथीसाठी. ज्याला मुख्यतः पियानोच वाजवायचा आहे आणि साथ अधूनमधून हवी आहे, त्याने रोलँडकडे जावे. त्यात माइक लावून गाताही येते. ज्याला वाद्य उचलून दुसरीकडे न्यावे लागते, त्याच्यासाठी कॅसिओला तोड नाही. पेडल वेगळे घेण्याची तयारी कुठल्याही वाद्यासोबत ठेवावी, कारण सोबत मिळणारी पेडलची छोटी डबी गुळगुळीत फरशीवर पायाखालून सटकते. हेडफोन लावले म्हणजे कोणाला त्रास होणार नाही, असेही समजू नये. हातोडीच्या पट्ट्यांची धपधप स्टँडमधून जमिनीत उतरते आणि रात्री खालच्या मजल्यावर ती सुरांशिवाय, नुसती ठेका धरल्यासारखी पोहोचते. स्टँडच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे ठेवल्यावर ती बरीच कमी झाली.