स्पार्टाचं ऑलिव्ह संग्रहालय: दोन तास काढाच

ग्रीसमधल्या स्पार्टाला येणारे बहुतेक जण प्राचीन राजा लिओनिडासच्या पुतळ्यापाशी फोटो काढतात आणि तडक जवळचं मिस्त्रास हे मध्ययुगीन भग्न नगर गाठतात. माझं ऐकाल तर मध्ये दोन तास ऑलिव्ह आणि ग्रीक ऑलिव्ह तेलाच्या संग्रहालयासाठी ठेवा. मंगळवारी मात्र जाऊ नका, बंद असतं.

बार्शीला आमच्या आजोबांचा करडईचा लाकडी घाणा होता. बैल फिरायचा, लाट करकरायची, खाली तेलाची धार लागायची. त्यामुळे तेल गाळण्यातलं आपल्याला सगळं कळतं असं मी धरून चालले होते. इथली यंत्रं पाहिली आणि लक्षात आलं, हे कामच वेगळं. करडई कोरडी, चिरडली की तेल आणि पेंड. ऑलिव्ह हे फळ, त्यात तेलापेक्षा पाणीच जास्त. आधी दगडी चाकाखाली बियांसकट लगदा करायचा. तो विणलेल्या गोल चटयांवर पसरून चळत रचायची. वर आडवी तुळई, तिचं एक टोक भिंतीत अडकवलेलं, दुसऱ्याला जड दगड टांगलेले. त्या दाबाने जे गळतं त्यात तेल आणि काळपट पाणी एकत्र असतं. कुंडात निवळलं की वर तरंगणारं तेल काढून घ्यायचं. या तुळईसमोर मी अर्धा तास उभी होते. आजोबांना हे दाखवायला हवं होतं.

सँटोरिनी बेटावरच्या ज्वालामुखीच्या राखेत जपली गेलेली, 50 हजार वर्षांहून जुनी ऑलिव्हची पानंही इथे आहेत. दगडात उमटलेला तो लांबट आकार बाहेरच्या झाडावरच्या पानाशी ताडून बघा, लगेच ओळखू येतो.

मी नोव्हेंबरमध्ये गेले, तोडणीच्या दिवसांत. पश्चिमेला 2,400 मीटरांहून उंच तायगेतोस पर्वत, पूर्वेला पार्नोन पर्वत आणि मधल्या एव्रोतास नदीच्या खोऱ्यात झाडाझाडाखाली जाळ्या अंथरलेल्या. इथलं कोरोनेइकी जातीचं फळ करवंदापेक्षाही लहान, पण तेल हिरवंगार आणि घशाला झोंबणारं. तो झोंबरेपणा ताज्या तेलाचा गुण आहे, बिघाड नव्हे.

तेल घेताना सांभाळून. गावातल्या एका दुकानात मला उन्हात मांडलेली पारदर्शक बाटली दिली. घरी येऊन उघडली तर खवट वास. उजेडाने तेल बिघडतं. पत्र्याचा डबा किंवा गडद बाटलीच मागा, आणि तोडणीचं साल छापलेलं असेल तरच पैसे द्या.