आजोबांचं ठासणीचं पिस्तूल: घरी ठेवायचं की म्युझियमला द्यायचं?

माळ्यावरच्या ट्रंकेत पिस्तूल सापडलं की घरात दोन तट पडतात. "राहू दे, खंडेनवमीला पूजेत येईल" असं एक म्हणतो, तर दुसरा म्हणतो, "कटकट नको, टाऊन हॉलला (कोल्हापूरच्या म्युझियमला) देऊन टाका." आमच्याकडे हा वाद तीन दसरे चालला.

त्याआधी ते भरलेलं आहे का, ते बघा. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या हत्यारात बार तसाच राहून गेलेला असू शकतो आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. घोडा, म्हणजे वरचा ठोका देणारा भाग, ओढू नका. तोंड माणसांपासून लांब ठेवून नळीत लाकडी काठी हलकेच सोडा, नळीच्या तोंडाशी काठीवर खूण करा, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघा. काठी कान्यापर्यंत (नळीच्या मागच्या टोकाचं, दारू पेटवायचं भोक) न पोचता दोन बोटं अलीकडेच अडत असेल तर आत काहीतरी आहे. उकरत बसू नका, पोलिसांना कळवा.

आता ओळख. घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरायची सोय असेल तर ते चकमकीचं. घोड्याचं तोंड पोकळ हातोडीसारखं असेल तर टोपीचं, म्हणजे स्फोटकाच्या छोट्या धातूच्या टोपीवर ठोका पडून पेटणारं. ब्रिटिश फौज १८४० च्या दशकात टोपीवर आली, पण चकमकीची कितीतरी हत्यारं मागाहून टोपीची करून घेतली गेली. त्यामुळे नुसत्या घोड्यावरून वय ठरवू नका. चापाच्या पट्टीवर (घोडा जिच्यावर बसवलेला असतो ती) बदामाच्या आकाराची खूण किंवा मागच्या पायांवर उभा सिंह दिसला तर माल कंपनी सरकारचा. सिंह १८०८ नंतरचा. नुसतं 'टॉवर' (लंडनच्या सरकारी शस्त्रागाराची खूण) आणि मुकुट दिसला म्हणून हुरळू नका, पर्यटकांसाठी केलेल्या नकलांवरही तेच असतं. नकलेची अक्षरं ओतीव, कडा गुळगुळीत. कोल्हापुरातल्या न्यू पॅलेसच्या शस्त्रदालनात एक चक्कर मारून या, नजर तयार होते.

घरी ठेवण्यातली मोठी अडचण कागदाची. 'जुनं आहे, परवाना कशाला?' हे चुकीचं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारालाच आहे, आणि ते चालतं की नाही हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नसतं. परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून. तोवर हत्यार पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा.

दुसरी अडचण आपला पाऊस. जुलैत भिंतीला ओल धरते, तिथे लोखंडाचं काय होणार? आमच्या काकांनी एका दसऱ्याला चिंच आणि राखेनं पिस्तूल लख्ख घासलं. दीडशे वर्षांचा तपकिरी थर गेला, पट्टीवरची अर्धी अक्षरंही गेली. तो थर गंज नव्हे, कवच असतं. बोटाला नारिंगी पूड लागली तर तो गंज. तो मऊ फडक्यानं आणि थोड्या तेलानं हळूहळू काढावा. नंतर मेणाचा पातळ हात. तेल दस्त्याच्या लाकडात मुरू देऊ नका. चामड्याच्या म्यानात ठेवणं सगळ्यात वाईट, चामडं ओल धरतं.

म्युझियमला दिलं की हे सगळं सुटतं. पण देणगी म्हणजे देणगी, ते कायम दालनात दिसेलच असं नाही आणि नातवाच्या हातात ते पुन्हा येणार नाही. कागद करताना देणगी की ठेव, हे स्पष्ट लिहून घ्या. परदेशात विकून पौंड मिळवायचा विचार असेल तर सोडा. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खासगी माणसाला बाहेर नेता येत नाही.

माझं मत विचाराल तर परवाना होत असेल आणि घरात दर पावसाळ्यात पेटी उघडून बघणारा एक तरी माणूस असेल, तर ठेवा. नसेल तर द्या, रेंगाळू नका. आमचं घरीच राहिलं. हळदकुंकू आता पेटीला वाहतो, पिस्तुलाला नाही. आत्याला ते अजून पटलेलं नाही.