आरएक्स १०० : आठ महिने चालवल्यावर, आणि एका पेट्रोल कॉकबद्दल जरा जास्तच

गेल्या रविवारी सकाळी किक मारली आणि पाय अर्ध्यातच अडकला. पुन्हा मारली, तेच. ज्या इंजिनापायी सहा महिने हात काळे केले ते जाम झालं असं समजून मी गाडीशेजारी फरशीवरच बसलो. जाम-बिम काही नव्हतं. इंजिनात पेट्रोल भरलं होतं. आठ महिन्यांच्या अनुभवावर एक गोडगोड मजकूर लिहून ठेवला होता, त्यातला निम्मा खोडून हे लिहितोय.

गाडी यामाहाची टू-स्ट्रोक मोटरसायकल, १९९३ची. आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ बनली आणि सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांतून एस्कॉर्ट्सने जुळवल्या, हे सगळ्यांना पाठ आहे. माझी त्यातली नाही. हल्ली विकायला निघालेली प्रत्येक आरएक्स 'जपान लॉट'ची असते. एवढ्या गाड्या त्या बोटीत मावल्या तरी असत्या का, देव जाणे.

इंजिनाचं उरकतो. पूर्ण उघडून नव्याने बांधलं : ०.५० मिमी ओव्हरसाईज बोअर, नवा पिस्टन, नवा कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, क्रँकचे सील. मॅग्नेट काढायचा पुलर एका आरएक्सवाल्याने दिला, दुसऱ्याने क्रँक प्रेसवर बसवून डायल लावून सरळ करून दिला. तिसरे एक काका, आयुष्यभर टू-स्ट्रोकच उघडत आलेले. मॅग्नेटकडचा जुना सील मला 'बरा' वाटत होता, म्हणजे पैसे वाचवायचे होते. काकांनी काही न बोलता त्याची कड नखाने दाबली. तुकडा पडला. "इथून हवा ओढेल. रेस खाली येणार नाही, तू कार्बोरेटर पिळत बसशील, आणि एक दिवस पिस्टन जाईल," एवढं बोलून ते चहा न घेता निघून गेले. इंजिनाला ऑईल पुरवणाऱ्या ऑटोल्यूब पंपातली हवा काढेपर्यंत किकला हात लावायचा नाही आणि पहिली टाकी टू-टी ऑईल मिसळूनच चालवायची, हेही त्यांचंच.

परिणाम : २,६०० किलोमीटर झाले, इंजिनाने एकदाही कुरकुर केली नाही. ९८ सीसी, ११ बीएचपी, पण गाडीचं वजनच एवढं कमी की दुसऱ्या गिअरला अजूनही हसू येतं. ड्रम ब्रेक आहेत तसेच आहेत, साठच्या पुढे अंतर ठेवून चालवायचं. आरसीचं नूतनीकरण एकाच खेपेत झालं, याचा धक्का मला इंजिन सुरू झाल्यापेक्षा मोठा होता.

आता कॉक, म्हणजे टाकीतून कार्बोरेटरकडे जाणारं पेट्रोल उघड-बंद करणारी तोटी.

पहिल्या आठवड्यापासून, कॉक बंद असतानाही, कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लो पाईपातून, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या नळीतून, थेंब. मिनिटाला एक असेल. पण सकाळी फरशीवर डाग आणि घरभर पेट्रोलचा वास. घरातल्यांनी गाडीचं नाव 'पंप' ठेवलं. कॉक उघडला. आतलं चार भोकांचं रबर फुगून पुरीसारखं झालेलं. आजच्या इथेनॉलच्या पेट्रोलला जुन्या पद्धतीचं रबर टिकत नाही. नवं रबर घातलं, दीड महिना बरं गेलं, पुन्हा थेंब. दुसरं घातलं. तिसरं घातलं. तीन रबरांच्या पैशांत नवा कॉक आला असता हे मला कळत होतं, पण एव्हाना प्रश्न पैशांचा राहिला नव्हता.

मग काच घेतली, त्यावर बाराशेचा पॉलिश पेपर, थोडं रॉकेल, आणि कॉकच्या लिव्हरचा चेहरा इंग्रजी आठच्या आकारात घासत बसलो. आधी फक्त कडा चमकल्या. अर्ध्या तासाने चकाकी मध्यापर्यंत आली. एका भोकाजवळ तिळाएवढा काळा ठिपका मात्र जाईना. खड्डाच तो. त्याच्यासाठी आणखी एक तास दिला. ठिपका गेला, बोटाचं कातडंही गेलं.

आणि थेंब थांबला! फरशी कोरडी, वास नाही. महिनाभर मी भेटेल त्याला घासायची पद्धत शिकवत होतो. क्रँक सरळ करून देणारा एकच पठ्ठ्या म्हणाला, "कॉक गळला तरी कार्बोरेटरमधली फ्लोटची नीडल पेट्रोल अडवते. दोन दारं आहेत. नीडल बघितलीस का?" मी म्हटलं, कॉक बंद म्हणजे बंद, नीडलचा संबंध येतो कुठे. मूळ लेखात या जागी कॉकला पाच तारे होते.

रविवारी त्यालाच फोन केला. चावी बंद, कॉक बंद, प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, किक मारत राहा, आसपास ठिणगी नको. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडाला, भिंतीपर्यंत. पंधरावीस किका मारल्यावर कोरडी फुसफूस आली. मग त्याने विचारलं, "ओव्हरफ्लोचा पाईप मोकळा आहे ना?"

पाईपाचं तोंड मातीने बंद होतं. गुळगुळीत, गोल, बोटाने लिंपल्यासारखी माती. कुंभारीण माशी! तिने घर केलं होतं. म्हणजे थेंब थांबलाच नव्हता. बाहेरची वाट बंद झाल्यावर तो इंजिनात जात होता. रोज चालवत होतो तेव्हा सकाळी धूर जरा जास्त येई, तो मी थंडीच्या नावावर खपवला. मध्ये दहा दिवस गावाला गेलो आणि गाडी साइड स्टँडवर राहिली, तेवढं पुरलं.

नीडल काढली. टोकाला नखात अडकेल अशी गोल खाच. ही तीच जुनी, मी 'चालेल' म्हणून परत घातलेली. बदलली. आतल्या बेअरिंगवरचं ऑईल धुऊन गेलं असणार म्हणून पुन्हा एक टाकी टू-टी मिसळून. सुरू झाल्यावर एवढा पांढरा धूर निघाला की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

त्याच मित्राने व्हायटॉनच्या शीटमधून पंचने कापलेलं रबर दिलंय. पेट्रोलमध्ये ते फुगत नाही म्हणे. नवा कॉकही आणलाय, पण तो अजून पिशवीतच आहे. आधी हे रबर बघतो. रात्री कॉक बंद करून पाईप काचेच्या बाटलीत सोडतो. पहिल्या सकाळी तळाला बोटभर पेट्रोल होतं, स्क्रू पाव आटा पिळल्यावर काल नखभर. आज बाटली कोरडी दिसली, तर आधी पाईपात तार घालून बघितली.